बैठकीच्या खोलीतला प्रतिध्वनी: अल्गोरिदम बदलण्याआधी काय तपासावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा बैठकीच्या खोलीत भिंतीवरच्या टीव्हीतून पलीकडच्या टोकाचा, म्हणजे दूरच्या ठिकाणाहून बैठकीत बोलणाऱ्यांचा, आवाज येतो. टेबलावर यूएसबी माइक आहे आणि त्यात शिरणारा टीव्हीचा आवाज वजा करण्यासाठी १६ किलोहर्ट्झवर (सेकंदाला १६ हजार नमुने) चालणारा ४०९६ टॅपचा एनएलएमएस फिल्टर लिहिलेला आहे, म्हणजे उरलेल्या चुकीवरून आपले ४०९६ सहगुणक (टॅप) सतत सुधारत शिकणारा फिल्टर. सिम्युलेशनमध्ये हा फिल्टर प्रतिध्वनी ३५ डेसिबलने खाली आणतो, प्रत्यक्ष खोलीत मात्र जेमतेम ८ ते १० डेसिबल पदरात पडतात, आणि दोन्ही बाजूंचे लोक एकदम बोलू लागले की फिल्टर पार बिघडतो. अशा वेळी अफाइन प्रोजेक्शन, आरएलएस किंवा काल्मन या शिकणाऱ्या फिल्टरांच्या दुसऱ्या अल्गोरिदमांपैकी कशाकडे वळावे, असे तुम्ही विचारले आहे.

तूर्तास यांपैकी कशाकडेही वळू नये, असे माझे मत आहे. सिम्युलेशनमध्ये ३५ डेसिबल देणारा एनएलएमएस खोलीत १० डेसिबलवर अडकतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा अल्गोरिदमकडे येणाऱ्या सिग्नलमध्ये असतो. या प्रकारच्या फिल्टरचे गृहीतक एकच आहे: माइकमधला प्रतिध्वनी हा रेफरन्स सिग्नलचे (संगणकाने टीव्हीकडे पाठवलेल्या आवाजाचे) रेषीय आणि सावकाश बदलणारे रूप आहे. तुमच्या मांडणीत हे गृहीतक निदान दोन ठिकाणी मोडत असावे, आणि ते मोडलेले असताना भारी अल्गोरिदम आणला तरी हाती तेच १० डेसिबल येतील, फक्त प्रोसेसर अधिक तापेल.

म्हणून आधी कमाल मर्यादा शोधावी. खोलीत कोणी बोलत नसताना टीव्हीतून एक मिनिट पांढरा गोंगाट (सगळ्या वारंवारिता सारख्याच असलेला) वाजवा आणि रेफरन्स व माइक या दोन्हींचे ध्वनिमुद्रण करून ठेवा. मग फुरसतीने, ऑफलाइन, त्या मुद्रणातल्या दोन-तीन सेकंदांच्या तुकड्यावर किमान-वर्ग पद्धतीने ४०९६ टॅपचे उत्तर काढा. त्या तुकड्यापुरते तेवढ्याच लांबीच्या कोणत्याही स्थिर रेषीय फिल्टरला याहून चांगले जमणार नाही. दुसरा, त्याहून सोपा मार्ग म्हणजे दोन सिग्नलांमधला कोहेरन्स, म्हणजे प्रत्येक वारंवारितेला ते एकमेकांशी किती रेषीय जुळतात ते, मोजणे. एखाद्या वारंवारितेला कोहेरन्सचा वर्ग ०.९ असेल, तर तिथे रेषीय फिल्टरला जास्तीत जास्त १० डेसिबल मिळू शकतात आणि ०.९९ असेल तर २०. मात्र कोहेरन्स मोजताना एफएफटीची (आवाज वारंवारितांत फोडणाऱ्या गणिताची) खिडकी खोलीच्या निनादापेक्षा, म्हणजे आवाज विरायला लागणाऱ्या वेळापेक्षा, बरीच लांब घ्यावी, नाहीतर शेपटीचा भाग खिडकीबाहेर राहून आकडा उगाच कमी दिसतो.

याच मुद्रणावर आणखी एक गोष्ट पाहून घ्या. पहिल्या दोन सेकंदांवरून आणि शेवटच्या दोन सेकंदांवरून इम्पल्स रिस्पॉन्स (एका क्षणिक ठोक्याला मिळणारा खोलीचा प्रतिसाद) वेगवेगळा काढा आणि थेट ध्वनीचे शिखर कितव्या नमुन्यावर आहे ते ताडून बघा. दोन्हीकडे ते एकाच जागी असेल तर हा परिच्छेद आणि पुढचा सोडून द्यावा. पण टीव्ही एचडीएमआयवर आणि माइक यूएसबीवर असताना ते सहसा एका जागी नसते, कारण टीव्हीतला डीएसी (अंकांचा आवाज करणारा भाग) एका क्रिस्टलवर चालतो आणि माइकमधला एडीसी (आवाजाचे अंक करणारा भाग) दुसऱ्या. प्रत्येक क्रिस्टलची चूक दशलक्षात ५० भाग धरली, तर दोघांमधला फरक १०० भागांपर्यंत जाऊ शकतो. ऐकायला तो क्षुल्लक वाटतो, परंतु १६ किलोहर्ट्झवर त्याचा अर्थ दर सेकंदाला १.६ नमुने असा होतो, आणि मिनिटभरात शिखर ९०हून अधिक नमुने सरकलेले दिसते.

याचा परिणाम नेमका कसा होतो ते पाहण्यासारखे आहे. ४ किलोहर्ट्झच्या स्वराचे एक आवर्तन चार नमुन्यांचे असते, म्हणून सेकंदाला १.६ नमुने सरकणे म्हणजे त्या स्वराची कला (फेज) सेकंदाला १४४ अंशांनी फिरणे. फिल्टर एका क्षणी अगदी अचूक जुळला आणि तिथेच थांबला असे मानले, तरी पाव सेकंदात कला ३६ अंशांनी चुकते आणि वजाबाकीतून जेमतेम ४ डेसिबल उरतात. त्याच पाव सेकंदात ५०० हर्ट्झवर मात्र चूक साडेचार अंशांचीच असते आणि तिथे अजून २२ डेसिबल मिळत राहतात. म्हणून घड्याळे सरकत असली की उरलेल्या प्रतिध्वनीत आवाजाचा जाड, खालचा भाग गेलेला असतो आणि ‘स’, ‘श’, ‘च’ यांची सळसळ तेवढी मागे राहते. हे लक्षण कानाने ओळखता येते. अॅडॅप्टिव्ह फिल्टर सरकणाऱ्या शिखराचा पाठलाग करतो हे खरे, पण त्यासाठी स्टेप साइज (फिल्टर दर वेळी किती मोठी दुरुस्ती करतो ते) मोठा ठेवावा लागतो आणि त्याची किंमत दुहेरी बोलण्याच्या, म्हणजे दोन्ही बाजू एकदम बोलण्याच्या, वेळी चुकवावी लागते. उपाय दोन आहेत. एक, रेफरन्स सिग्नल माइकच्या घड्याळावर सतत रिसॅम्पल करावा (त्याचे नमुने त्या वेगाने नव्याने काढावेत) आणि त्याचे गुणोत्तर विलंबाच्या सरकण्यावरून सावकाश सुधारत राहावे. दुसरा, स्पीकर आणि माइक एकाच घड्याळावर चालतात असे एकसंध यूएसबी स्पीकरफोन वापरावे. खोली एकच असेल तर मी दुसराच उपाय सांगेन, कारण असिंक्रोनस रिसॅम्पलर नीट बसवण्यात जाणारा वेळ त्या उपकरणापेक्षा महाग पडतो.

गृहीतक मोडण्याची दुसरी जागा म्हणजे स्वतः टीव्ही. रेफरन्स तुम्ही संगणकातून घेता, पण त्यानंतर टीव्ही आवाजावर बरेच काही करतो: सराउंडचा आभास, आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारे कॉम्प्रेशन, चित्राशी ओठ जुळावेत म्हणून घातलेला विलंब. कॉम्प्रेशन रेषीय नसते. दर शब्दाला लाभांक (गेन, आवाज किती पट वाढवला ते) बदलत असेल, तर फिल्टरला दर शब्दाला नवी खोली दिसते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन हे सगळे बंद करावे आणि आवाज कमाल पातळीच्या बराच खाली ठेवावा. छोट्या स्पीकरची विकृती १० टक्के झाली, तर ती मूळ आवाजाच्या फक्त २० डेसिबल खाली असते आणि रेषीय फिल्टर तिला हात लावू शकत नाही. ३ टक्क्यांवर हीच मर्यादा ३० डेसिबलच्या आसपास जाते. माइकच्या बाजूलाही विंडोजचे किंवा ड्रायव्हरचे स्वयंचलित गेन बंद असल्याची खात्री करून घ्यावी. स्वयंचलित गेन हवेच असेल, तर त्याची जागा फिल्टरच्या नंतर आहे.

विलंबाबद्दल थोडक्यात सांगतो. टीव्हीचा विलंब शंभर मिलिसेकंदांच्या पुढे गेला, तर ४०९६ टॅपांच्या म्हणजे २५६ मिलिसेकंदांच्या फिल्टरचा मोठा भाग नुसती शून्ये शिकण्यात खर्च होतो. क्रॉस-कोरिलेशनने (दोन सिग्नल एकमेकांवर सरकवून कुठे जुळतात ते पाहून) एकगठ्ठा विलंब मोजून तो बाहेरच काढून टाकावा, मात्र थोडा मोकळा भाग पुढे ठेवावा. रेफरन्स माइकच्या नंतर पोहोचला तर फिल्टरला भविष्य ओळखावे लागेल आणि ते कोणत्याच अल्गोरिदमला जमत नाही.

आता खोली. तिचे घनफळ ७२ घनमीटर आणि सर्व पृष्ठभाग मिळून १०८ चौरस मीटर होतात. फरशी विट्रिफाइड, एक भिंत काचेची आणि छत साध्या जिप्समचे असेल, तर सरासरी शोषण ०.१२ धरायला हरकत नाही. सॅबिनच्या सूत्राने निनादकाळ सुमारे ०.९ सेकंद येतो, म्हणजे ऊर्जा ६० डेसिबलने उतरायला तेवढा वेळ लागतो. शेपटी ३० डेसिबल उतरेपर्यंत फिल्टर पुरवायचा, तर ०.४५ सेकंद म्हणजे ७२०० टॅप हवेत. तुमचे ४०९६ टॅप १७ डेसिबलच्या आसपासच संपतात. थेट ध्वनी निनादापेक्षा जोरदार असल्यामुळे प्रत्यक्षात याहून काही डेसिबल अधिक मिळतात, पण ३५ नक्कीच मिळणार नाहीत. याच खोलीत जमिनीवर जाड गालिचा टाकला आणि काचेवर भरदार पडदे लावले, तर शोषण जवळपास दुप्पट होऊन निनादकाळ अर्ध्यावर येतो, आणि मग तेच ४०९६ टॅप ३० डेसिबलच्या पुढे पोचतात. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना पडद्यांचा सल्ला आवडत नाही, तरीही तो द्यावा लागतो.

खोली स्थिर नसते हेही लक्षात घ्यावे. एसी चालू होऊन हवा एका अंशाने थंड झाली, तर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने घटतो. १०० मिलिसेकंदांनी येणारा परावर्तित ध्वनी त्यामुळे जवळजवळ तीन नमुने उशिरा पोहोचतो, तर थेट ध्वनी जागचा हलतही नाही. छताचा पंखा तर गोंगाटही करतो आणि त्याच्या फिरत्या पात्यांवरून होणारी परावर्तने सतत बदलतात. म्हणून एकदा शिकलेला फिल्टर गोठवून ठेवण्याची कल्पना खोलीत चालत नाही, त्याला शिकत राहावेच लागते. आणि शिकत राहायचे म्हटले की स्टेप साइजचा प्रश्न उभा राहतो. माझ्या मते या साऱ्या विषयाचा खरा गाभा तोच आहे.

एनएलएमएसमध्ये स्टेप साइज १ ठेवला आणि रेफरन्स पांढरा गोंगाट असला, तर ४०९६ टॅपचा फिल्टर ३० डेसिबलपर्यंत पोचायला सुमारे पावणेदोन सेकंद घेतो. ०.१ ठेवला, तर तेवढ्यासाठी नऊ सेकंदांहून अधिक लागतात. माणसाच्या बोलण्यावर हे आकडे आणखी वाढतात, कारण बोलण्याची ऊर्जा खालच्या वारंवारितांत एकवटलेली असते आणि वरच्या वारंवारितांना शिकायला फारसे काही मिळत नाही. उलट बाजूने पाहिले, तर स्टेप साइज १ असताना फिल्टरची स्वतःची चूक खोलीतल्या गोंगाटाइतकी मोठी होऊन बसते आणि ०.१ असताना ती त्याच्या १३ डेसिबल खाली राहते. आता याच हिशेबात गोंगाटाच्या जागी खोलीतल्या माणसाचे बोलणे ठेवा. ते प्रतिध्वनीइतकेच मोठे असेल आणि स्टेप साइज ०.५ असेल, तर फिल्टर आधी ३० डेसिबलवर असला तरी घसरत ५ डेसिबलवर येतो आणि या घसरणीचा मोठा भाग सेकंदाच्या एक तृतीयांशात उरकतो. तुम्ही वर्णन केलेला बिघाड हाच आहे. फिल्टर अस्थिर झालेला नाही, समोरच्या माणसाच्या बोलण्याला प्रतिध्वनीची चूक समजून तो ती दुरुस्त करू पाहतो आहे.

पाठ्यपुस्तकांत यावर गायगेलचा डिटेक्टर दिलेला असतो: माइकची पातळी रेफरन्सच्या अलीकडच्या कमाल पातळीच्या निम्म्याहून जास्त झाली, की दोघे बोलत आहेत असे मानून शिकणे थांबवायचे. ही पद्धत टेलिफोनच्या तारांसाठी होती. १९६५ मध्ये अर्ली बर्ड उपग्रहावरून व्यापारी दूरध्वनी सुरू झाले, तेव्हा भूस्थिर कक्षेपर्यंतच्या फेऱ्यांमुळे प्रतिध्वनी अर्ध्या सेकंदाहून अधिक उशिरा ऐकू येऊ लागला आणि जुने सप्रेसर (प्रतिध्वनी आला की आवाजच दाबणारी यंत्रे) बोलणेच कापू लागले. बेल लॅब्जमध्ये जॉन केली, लोगन आणि मन मोहन सोंधी यांनी त्याच दशकात अॅडॅप्टिव्ह कॅन्सलर घडवला. सोंधी दिल्ली विद्यापीठात आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकून गेलेले होते. पण त्यांच्यापुढचा प्रतिध्वनी एक्स्चेंजमधल्या हायब्रिड सर्किटचा (दोन तारांची लाइन चार तारांना जोडणाऱ्या) होता: दहा-वीस मिलिसेकंदांचा, बराचसा स्थिर आणि मूळ आवाजाहून निदान ६ डेसिबल मंद. खोलीत माइक स्पीकरजवळ असला आणि आवाज वाढवलेला असला, तर प्रतिध्वनी रेफरन्सपेक्षा मोठाही भरू शकतो, आणि मग गायगेलचा निकष कायम ‘दोघे बोलत आहेत’ असेच सांगत राहतो. याच कारणाने आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या) जी.१६८ या शिफारशीतल्या चाचण्याही खोलीला लावू नयेत. ती जाळ्यातल्या, म्हणजे तारांच्या, कॅन्सलरसाठी आहे.

खोलीत चालणारा विचार वेगळा आहे. शिकणे चालू की बंद असा दोन टोकांचा निर्णय घेण्याऐवजी, स्टेप साइज प्रत्येक क्षणी आणि प्रत्येक वारंवारितेला वेगळा ठरवावा. त्याचे इष्टतम मूल्य म्हणजे उरलेल्या प्रतिध्वनीची शक्ती भागिले त्रुटी सिग्नलची (वजाबाकीनंतर उरलेल्या आवाजाची) एकूण शक्ती. त्रुटीत नुसता प्रतिध्वनीच असेल, तर हे गुणोत्तर १ च्या जवळ जाते आणि फिल्टर झपाट्याने शिकतो. माणूस बोलू लागला की छेद फुगतो आणि गुणोत्तर आपोआप शून्याकडे झुकते. अडचण एवढीच, की उरलेला प्रतिध्वनी वेगळा मोजता येत नाही, त्याचा अंदाज बांधावा लागतो. जाँ-मार्क व्हालँ यांनी २००७ मध्ये सुचवलेली आणि स्पीक्स या मुक्त ध्वनी-सॉफ्टवेअरमध्ये वापरलेली रीत मला आजही पटते: फिल्टरच्या आउटपुटची आणि त्रुटीची शक्ती कशी बरोबर वर-खाली होते त्यावरून गळतीचे प्रमाण काढायचे आणि त्या प्रमाणाने आउटपुटला गुणून उरलेल्या प्रतिध्वनीचा अंदाज घ्यायचा. एखादा माणूस खुर्ची सरकवून उठला आणि मार्ग बदलला, तर हे प्रमाण वाढते व फिल्टर पुन्हा वेगाने शिकू लागतो. नुसत्या डिटेक्टरला नेमका हाच फरक कळत नाही, कारण मार्ग बदलला किंवा कोणी बोलू लागले तरी त्याला दोन्ही वेळी त्रुटीच वाढलेली दिसते.

जोडीला दोन फिल्टरांची जुनी युक्ती ठेवावी. १९७७ मध्ये जपानी अभियंत्यांनी ती मांडली. मागचा फिल्टर मोकळेपणाने शिकत राहतो, पुढचा प्रत्यक्ष वजाबाकी करतो, आणि मागच्याची त्रुटी काही काळ सातत्याने कमी राहिली तरच त्याचे सहगुणक पुढच्यात उतरवले जातात. मागचा बिघडला तर पुढच्यावरून त्याला सावरता येते. याला मेमरी थोडी जास्त लागते, पण बैठकीत कोणाच्या कानावर बिघाड पडत नाही.

आता अल्गोरिदमच्या निवडीकडे येऊ. ७२०० टॅप घ्यायचे ठरले, तर आरएलएस पहिल्याच हिशेबात बाद होतो. त्याचे काम टॅपांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४०९६ टॅपांनाच दर नमुन्याला सुमारे १.६८ कोटी आणि सेकंदाला सुमारे २७ हजार कोटी गुणाकार होतात. त्याच्या जलद आवृत्त्या संख्यात्मकदृष्ट्या नाजूक आहेत. शिवाय बदलत्या खोलीचा माग काढण्यात आरएलएस फार पुढे असतो, असेही नाही. अफाइन प्रोजेक्शन ही ओझेकी आणि उमेदा यांची १९८४ ची पद्धत बोलण्यावर एनएलएमएसपेक्षा खरोखर वेगाने शिकते, पण गोंगाट वाढवते आणि पंखा असलेल्या खोलीत ते लगेच जाणवते. प्रत्यक्षात वापरायचा आहे तो वारंवारिता-क्षेत्रातला, तुकड्यांत विभागलेला ब्लॉक फिल्टर. २५६ नमुन्यांचा ब्लॉक, ५१२ ची एफएफटी आणि १६ तुकडे घेतले की ४०९६ टॅप होतात; २८ तुकडे घेतले की ७१६८. साध्या एनएलएमएसला ४०९६ टॅपांसाठी सेकंदाला सुमारे १३ कोटी गुणाकार लागतात, इथे ते काम ढोबळमानाने वीसपट कमी होते, आणि १६ मिलिसेकंदांचा विलंब बैठकीत कोणाच्या लक्षातही येत नाही. मोठा लाभ तर वेगळाच आहे. प्रत्येक वारंवारितेला तिच्या स्वतःच्या शक्तीने भागता येत असल्यामुळे बोलण्यातल्या वरच्या वारंवारिता मागे पडत नाहीत, आणि वर सांगितलेला वारंवारितेनुसार स्टेप साइज इथे विनासायास बसतो.

काल्मन म्हणून तुम्ही ज्याचा उल्लेख केला, ते याच सांगाड्याचे पुढचे रूप आहे. एन्झनर आणि व्हारी यांनी २००६ मध्ये मांडलेल्या वारंवारिता-क्षेत्रातल्या काल्मन फिल्टरमध्ये हाच स्टेप साइज सहगुणकांच्या अनिश्चिततेवरून आपसूक निघतो आणि दुहेरी बोलण्याला तो चांगला टिकतो. त्याची खोड म्हणजे मार्ग एकाएकी बदलला, की आपल्याला सगळे ठाऊक आहे अशा थाटात तो सावकाश हलतो. त्यासाठी वेगळी जाग आणणारी तजवीज करावी लागते. ब्लॉक फिल्टर आधी चालवून मग याकडे जावे, कारण कोड जवळपास तोच राहतो.

रेषीय भागातून २० ते २५ डेसिबल मिळाले की तिथे थांबावे आणि उरलेल्यासाठी मागे सप्रेसर लावावा, जो प्रत्येक वारंवारितेला उरलेल्या प्रतिध्वनीच्या अंदाजानुसार दाबतो आणि रिकाम्या जागी खोलीइतकाच मंद गोंगाट भरतो. टीव्हीच्या विकृतीचा भाग इथेच मरतो. अलीकडे या जागी लहान न्यूरल नेटवर्क बसवतात आणि मायक्रोसॉफ्टने २०२१ पासून घेतलेल्या स्पर्धांमध्ये रेषीय फिल्टर पुढे आणि नेटवर्क मागे अशी जोडी वारंवार चांगली ठरली आहे. सप्रेसरवर फार भार टाकला, तर दोघे एकदम बोलताना खोलीतल्या माणसाचे शब्द तुटतात. त्यामुळे त्याची परीक्षा नुसत्या प्रतिध्वनीवर घेऊ नये. एक माणूस टेबलाच्या टोकाला बसून हळू आवाजात अंक मोजतो आहे आणि टीव्हीवरून कोणीतरी सलग बोलते आहे, अशा मुद्रणावर घ्यावी.

शेवटचा मुद्दा टीव्हीच्या दोन स्पीकरांचा. दोन्हीकडे एकच मोनो सिग्नल जात असेल, तर फिल्टरच्या दृष्टीने तो एकच, थोडा गुंतागुंतीचा मार्ग आहे आणि काही वेगळे करावे लागत नाही. पलीकडून खरा स्टिरिओ येत असेल तर मात्र दोन चॅनल एकमेकांशी इतके निगडित असतात, की दोन फिल्टरांचे उत्तर एकमेव राहत नाही, आणि पलीकडच्या खोलीत बोलणारा बदलला की इथला फिल्टर कोलमडतो. सोंधी, मॉर्गन आणि हॉल यांनी १९९५ मध्ये हे दाखवले, आणि त्यावर चॅनलांमध्ये किंचित अरेषीयता मिसळण्याचा उपायही पुढे निघाला. बैठकीच्या खोलीत स्टिरिओची गरज क्वचितच असते. संगणकातच दोन्ही चॅनल मिळवून मोनो करावेत आणि रेफरन्स त्या मिळवणीनंतर घ्यावा.